फांदी कुठली, ते विचारू नका

पक्षी बघणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "काय दिसलं?" त्याचं उत्तर पुरतं कानावर पडायच्या आत दुसरा येतो, "कुठं?" पहिल्याचं उत्तर मी आजही भरभरून देते, चहा पाजून, तासभर बसवून देते. दुसऱ्याचं उत्तर देणं मी २०१८ च्या मार्चमध्ये बंद केलं. त्यापायी काही ओळखी तुटल्या. "बाई, तुम्ही रान काय विकत घेतलंय?" असं एकानं विचारलं तेव्हा मला काही बोलता आलं नव्हतं. तेव्हा राहिलेलं ते बोलणं आज लिहून काढते आहे.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. वाळपईला राहते, गावाकडच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. बाहेरच्यांचा गोवा समुद्राकडे तोंड करून असतो, आमचा घाटाकडे. सगळा गोवा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर, एखाद्या मोठ्या जिल्ह्याहून लहान, आणि एवढ्यात साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. त्यातले जे बघायला माणसं विमानानं येतात, ते बहुतेक या घाटाच्या पायथ्याच्या रानात राहतात. म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हातात यादी घेतलेले पाहुणे येतात. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला ते लायफर म्हणतात, आणि त्या यादीत वरच्या चार-पाच नावांत एक नाव हमखास असतं: श्रीलंकन फ्रॉगमाउथ. मराठीत बेडूकतोंड्या. हे नाव मला कधीच आवडलं नाही. त्याचं तोंड बेडकासारखं रुंद आहे हे खरं, पण ते तो रात्री उघडतो, किडे धरायला. दिवसा ते तोंड कुणी बघत नाही. दिवसा तर तोच कुणाला दिसत नाही.

मला तो पहिल्यांदा २०१४ च्या जानेवारीत तांबडी सुर्लाला दिसला. महादेवाचं ते कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, मागे व्हाळ म्हणजे ओढा, आणि देवळापासूनच सुरू होणारं दाट रान. मला घेऊन जाणारा भाऊ तिथल्याच आसपासच्या गावचा. लहानपणी बेचकीनं पाखरं मारलेला माणूस. आता पाहुण्यांना पक्षी दाखवून घर चालवतो. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला बाई. त्यानं मला वेताच्या एका जाळीसमोर उभं केलं आणि कुजबुजला, "हांगाच आसा." इथंच आहे.

मी बघत राहिले. वेत, त्याचे काटे, अडकलेली सुकी पानं, कोळ्याचं जाळं. भाऊ काही बोलेना. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मला वाटलं, पक्षी उडून गेला आणि याला सांगायला संकोच वाटतोय. मग त्या सुक्या पानांतल्या एका पानानं श्वास घेतला.

दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. पान होतं, आणि ते किंचित फुगलं आणि बसलं. मग त्याच्या शेजारचं पानही. दोन होते. एकमेकांना अगदी चिकटून, एकाच आडव्या वेलीवर, चोची आभाळाकडे, डोळे मिटून रेघ झालेले. एक करडा, सालीसारखा, त्यावर बुरशीचे असतात तसे ठिपके. दुसरी तांबूस, नुकत्याच गळलेल्या पानाच्या रंगाची. करडा तो नर, तांबूस ती मादी. माझ्यापासून बारा फुटांवर. मी इतका वेळ त्यांच्याकडेच बघत होते.

नंतर घरी येऊन वाचलं. वीतभर लांबीचा पक्षी. श्रीलंका आणि आपला पश्चिम घाट सोडला तर जगात कुठंच नाही. एडवर्ड ब्लाइथनं १८४९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मोनिलिजर असं नाव दिलं, म्हणजे हार घातलेला. गळ्याशी पांढऱ्या ठिपक्यांची एक माळ असते त्यावरून. हे नाव देणाऱ्यानं पक्षी नीट बघितला होता असं मला वाटतं. त्याचे डझनभर भाऊबंद थेट बोर्निओ आणि फिलिपीन्सच्या रानांपर्यंत पसरलेत, पण भारतात दोनच: एक हा, दुसरा ईशान्येकडचा हॉजसनचा. दिवसा जोडीनं बसायची त्यांची जागा ठरलेली असते. एकाच फांदीवर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने. रात्री उडून जायचं, खायचं, पहाटे परत तिथंच, तसंच चिकटून.

म्हणून तर भाऊ मला थेट जाळीसमोर उभं करू शकला. दिसू नये यासाठी या पक्ष्यानं सगळं केलं आहे, रंग, बसण्याची ढब, डोळ्यांची रेघ, सगळं. एकच गोष्ट केली नाही. जागा बदलली नाही.

त्याच सकाळी कर्णाही दिसला, मलबारी कर्णा. पाहुण्यांच्या यादीतलं हे आणखी एक मोठं नाव. नराचं डोकं काळं, गळ्याला पांढरी पट्टी आणि खाली सगळं पोट लालभडक. एवढा लाल रंग अंगावर घेऊन रानात लपायचं कसं? तो लपतो पाठ फिरवून. पाठ साधी तपकिरी. माणसाची चाहूल लागली की हळूच वळून बसतो आणि मान तेवढी मागे वळवून बघतो. भाऊ म्हणाला, "बाई, तुमी फुडें वचूं नाकात, तोच फिरतलो." पुढे जाऊ नका, तोच वळेल. आम्ही खाली बसलो, पंधरा-वीस मिनिटं. कोतवाल, बुलबुल, सातभाई असा घोळका वरून सरकत गेला आणि त्याच्याबरोबर जायला म्हणून कर्णा वळला. त्या वेळी पडलेलं ऊन आणि ते लाल पोट मला अजून आठवतं. पुढे वाचनात आलं की कर्ण्याच्या कुळाच्या पायाची पहिली आणि दुसरी बोटं मागे वळलेली असतात; अशी ठेवण दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यात नाही. आपण तांबडा रंग बघून येतो आणि पायाकडे कुणी बघत नाही.

परतताना भाऊ चालता चालता फ्रॉगमाउथच्या मादीचा आवाज काढून दाखवायला लागला. उंचावरून घसरत खाली येणारी एक किंकाळी, शेवटी जरा अडखळणारी. मी जागच्या जागी थांबले.

हा आवाज मला माहीत होता.

माझ्या मामाचं कुळागर रानाला लागून आहे. उतारावर पोफळी, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मधून जायफळ, केळी, आणि वरच्या अंगाला व्हाळातून काढलेला पाट. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथं. दिवेलागणीला मागच्या चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या बेटातून हाच आवाज यायचा आणि आजी हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणायची, "ती आली. आत चला." ती म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही आत जायचो. आजी दारात उंबऱ्याजवळ पाणी शिंपडायची. मला ती बाई वाटायची, रानात हरवलेली, कुणाला तरी हाक मारणारी. एका अर्थी ते तसंच आहे. मादी किंचाळते आणि नर दुसरीकडून खालच्या सुरात क्लोक-क्लोक करत उत्तर देतो. आजी जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की ती हरवलेली नव्हती, तिचा जोडीदार जवळच होता.

त्यानंतर तीन हिवाळे मी मामाच्या कुळागराच्या कडेनं फिरले. सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचं आणि चिव्याचं बेट, वेताची जाळी, लोंबत्या वेली एकेक करून बघायच्या. बघायच्या म्हणजे समोर उभं राहायचं, श्वास घेणारं पान दिसेपर्यंत. मामा म्हणायचा, "शाळेत पोरांकडे एवढं बघतेस का?" मामीनं डोक्याला बांधायला जुना पंचा दिला, गोचिडी पडतात म्हणून. २०१७ च्या डिसेंबरात ती दोघं सापडली. मागच्या अंगाला, पाच-सहा हात उंचीवर, वाळक्या वेलींच्या गुंत्यात. आजी जिथं बसून सुपाऱ्या सोलायची तिथून शंभर पावलंही नसतील.

आता जे लिहायचं आहे ते मी कधी लिहिलेलं नाही.

पक्ष्यांच्या छायाचित्रांच्या एका गटात मी होते. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, कुठं? आणि मी फोनवरून नकाशातली जागा पाठवली. त्यांनी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं आणि मला ते खरं वाटलं. त्यांनीही बहुधा एकालाच सांगितलं असेल. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मामाचा फोन आला. "बाये, हांगा पांच गाड्यो आयल्यात. तुजीं माणसां?"

मी त्या दिवशी लग्नाला डिचोलीत होते. तिथून फोटोच बघत राहिले, कारण गटात ते धडाधड येत होते. पहिल्या फोटोत वेली होत्या. पुढच्या फोटोंत नव्हत्या. समोरचं स्वच्छ दिसावं म्हणून कुणीतरी कोयत्यानं कापल्या होत्या. फोनवरून कॉल, म्हणजे पक्ष्याचाच मुद्रित आवाज, वाजवला जात होता, तेही एका चलचित्रात ऐकू आलं. फ्लॅश मारलेले फोटो होते, त्यांत पक्ष्याचे डोळे उघडे, पिवळे, मोठे. आणि एका फोटोत, तो कुणी काढला ते मला ठाऊक नाही, नर एकटाच एका बेचक्यावर बसलेला होता. जरा उठल्यासारखा. त्याच्या पोटाखाली करड्या मऊ गादीसारखं काहीतरी आणि त्यावर पांढरी कड.

ते अंडं होतं. एका वेळी एकच घालतात. मादी नि नर मिळून स्वतःच्याच अंगच्या पिसांची गादी करतात, बाहेरून झाडाची साल आणि दगडफूल चिकटवतात, की फांदीची गाठच वाटावी. दिवसा बहुधा नर त्यावर बसतो. डिसेंबरपासून मी तिथं जात होते आणि मला घरटं झालेलं कळलं नव्हतं. ज्यांना कळलं त्यांनी फोटो काढला.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पोचले. बेचक्यावर काही नव्हतं. खाली पालापाचोळ्यात गादीचा एक तुकडा सापडला, कापसासारखा हलका. कापलेल्या वेली सुकून काळ्या पडल्या होत्या.

त्या रात्री मी मिळेल ते वाचत बसले आणि एका ठिकाणी थांबले. निरीक्षकांनी नोंदवलं आहे की पिल्लू उडालं की नर स्वतःच घरटं मोडून टाकतो. मागे खूण ठेवत नाही. हे वाचून मला कितीतरी वेळ रडू येत होतं, कारण मला वाटलं की सुटले, पिल्लू उडालं असेल, त्यानंच मोडलं असेल. मग मी परत तो फोटो उघडला. रविवारी अंडं होतं. रविवारपासून बुधवारपर्यंत अंड्याचं पिल्लू होऊन उडत नाही. मी चौथीच्या मुलांना वजाबाकी शिकवते. एवढी मला कळते.

नेमकं काय झालं हे मी बघितलेलं नाही. साप आला असेल, खार आली असेल, उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळ्याची नजर गेली असेल. वेली असत्या तर गेली असती का? मामानं मला एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा कुळागराच्या तोंडाशी त्यानं बांबूचं फाटक बसवलेलं होतं. त्या रानकडेला इतक्या पिढ्यांत कधी फाटक नव्हतं.

भाऊशी मी बरेच महिने बोलले नाही. त्याचा काही संबंध नव्हता, तरी. मला वाटायचं, तोही हेच करतो, रोज करतो, पैसे घेऊन करतो. शेवटी एकदा मोलेच्या नाक्यावर भेटला, तिथं चहाच्या टपरीवर मी त्याला हे तोंडावर म्हटलं. तो रागावला नाही. त्यानं जे सांगितलं ते मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. म्हणाला, "बाई, ती तुमी पयली बघितली ती वेताची जाळी आठवते? ती माझ्या शेजाऱ्याची. त्याला तिथं काजू लावायचा होता. एका दिवसाचं काम, कोयता आणि काडी. पाहुणा येतो, मी शेजाऱ्याला त्यातले पैसे देतो, म्हणून ती जाळी आहे. मी नाही दाखवला, तर पक्षी राहील पण जाळी राहील का?"

मग त्यानं आपले नियम सांगितले. एका जागी दहा मिनिटं. फ्लॅश नाही, कॉल वाजवणं नाही. पान बाजूला करायला हात लावला की त्या पाहुण्याची फेरी तिथंच संपली, पैसे परत. दोन-तीन जोड्या माहीत असतात, त्या आलटून पालटून दाखवायच्या. आणि फेब्रुवारीत जोडी अंड्यावर बसली असं वाटलं की ती जाळी तो कुणालाच दाखवत नाही. "तुमकांय दाखयलीं नात," असं तो मला म्हणाला, आणि मला आठवलं की दोन वर्षं मार्चमध्ये मी विचारल्यावर त्यानं "यंदा नाही बसले" म्हणून मला परत पाठवलं होतं.

म्हणजे तो खोटं बोलला होता. त्या खोट्याबद्दल मला त्याचा इतका आदर वाटला की मी चहाचे पैसेसुद्धा द्यायचे विसरले.

त्यानंतर मी पक्ष्यांचा निराळा हिशेब मांडायला लागले. दुर्मीळ किती, रंग किती, ते बाजूला. प्रत्येकाबद्दल एकच बघायचं: हा जागेला किती बांधलेला आहे? नवरंगाचं मी खुशाल सांगते. तो हिवाळ्यात येतो, पहाटे नि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. वेळ इतकी ठरलेली की तमिळमध्ये त्याला सहा वाजताची चिमणी या अर्थाचं नाव आहे. पाचोळ्यात आज इथं, उद्या पलीकडे. त्याची जागा सांगितली तरी तो तिथं सापडेलच असं नाही. पण पावसाळ्यात येणाऱ्या तिबोटी खंड्याचं मी सांगत नाही. मुठीएवढा तो रंगीत जीव व्हाळाकाठच्या मातीत बीळ करतो, आणि पिल्लं झाली की पाली, बेडकुळ्या, खेकडे घेऊन दिवसभर त्याच एका भोकाशी येतो-जातो. तो कुठं येणार हे कॅमेरा लावून बसलेल्याला आधीच माहीत असतं.

आणि महाधनेशाचं तर नाहीच नाही. कोकणातल्यासारखं आमच्याकडेही जुनी माणसं त्याला गरूड म्हणतात. तो उडत आला की पंखांचा आवाज आधी येतो, घाट चढणाऱ्या आगगाडीसारखा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, विष्ठेनं आणि मातीनं तोंड लिंपते, एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला भरवतो, उंबराची फळं, रानजायफळं, कधी सरडा. आत असलेल्या जिवांचा सगळा भार त्याच्या एका चोचीवर. अशी ढोली असलेलं झाड एक-दोन पिढ्यांत तयार होत नाही, म्हणून तेच झाड वर्षानुवर्षं वापरतात. फ्रॉगमाउथची फांदी, खंड्याचं बीळ, धनेशाची ढोली. जे जागेला धरून राहतात, त्यांनाच आपण हमखास दाखवू शकतो. आणि इजाही त्यांनाच हमखास करू शकतो.

तरीपण गप्प बसणं हे उत्तर आहे असं मला वाटत नाही. २०२० साली मोलेच्या अभयारण्यातून तीन प्रकल्प न्यायचं ठरलं होतं: रेल्वेचा दुसरा मार्ग, चौपदरी महामार्ग आणि चारशे किलोव्होल्टची वीजवाहिनी. त्या वेळी गोव्यातल्या तरुण पोरांनी काय केलं? या रानात काय काय राहतं ते सगळ्यांना सांगितलं. चित्रं काढली, गाणी रचली, अभ्यासकांनी प्राण्या-पक्ष्यांच्या नोंदी मांडल्या. नोव्हेंबरात चांदोरला हजारो माणसं रात्रभर रुळांजवळ बसली. त्यांतल्या कितीजणांनी कर्णा पाहिला असेल? फार थोड्यांनी. पण तो तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली. रान कुणी पाहिलेलंच नसतं, त्याची नावं कुणाला ठाऊकच नसती, तर हे झालं नसतं. भाऊच्या पाहुण्यांच्या याद्यासुद्धा त्या नोंदींत कुठंतरी मिसळलेल्या आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत गोव्यातलं एकही नाही; आमच्या रानाचं कौतुक आम्हालाच करावं लागतं.

म्हणून रान सांगायचं. डोंगर सांगायचा, व्हाळ सांगायचा, पक्ष्याचं नाव, रंग, आवाज, सगळं सांगायचं. फांदी सांगायची नाही. शाळेत मी असंच करते. मुलांना फळ्यावर फ्रॉगमाउथ काढून दाखवला, आवाज काढून दाखवला. वर्गात ३१ मुलं, त्यांतल्या नऊ जणांनी हात वर केले की हा आवाज आमच्या घरामागे येतो. नऊ! पुण्या-मुंबईहून माणसं त्यासाठी रजा काढतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, तो नर घर का मोडतो?" मी म्हटलं, कुणाला कळू नये म्हणून असेल. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी त्यालाच कसं कळणार?" नंतर वाचून मी तिला सांगितलं, की बऱ्याचदा तो पुढच्या वर्षी त्याच जागी परत येतो. त्याला कळतं.

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले. आमच्या शाळेच्या पायऱ्यांवरून रात्री डोंगरावर तांबड्या रेघा दिसायच्या, दिवसा धूर. नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन डोक्यावरून जायची आणि मुलं वर्गाबाहेर धावायची. सगळे वाघांचं, गव्यांचं बोलत होते. मला ती गादी दिसत होती. मार्च म्हणजे अंड्याचे दिवस. आग जवळ आली तरी नर आधी चोच वर करून डोळेच मिटून घेणार, कारण संकट आलं की हलायचं नाही एवढंच त्याला ठाऊक. गवा पळतो. पान कसं पळणार?

मामाच्या डोंगराकडे आग आली नाही. मामा आणि गावातल्या दहा-बारा जणांनी वरच्या पाटाच्या बाजूनं पाचोळा झाडून पट्टा काढला होता, तीन रात्री राखण केली होती. मामा आता सत्तरीला आलाय. त्याला मी विचारलं, एवढं कशाला, तुझं कुळागर तर पाण्याखाली ओलं आहे. तो म्हणाला, "मागे तुझी आजी सांगायची ती असते ना."

यंदा फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या आधल्या दिवशी मी कुळागरात गेले. फाटक उघडं होतं, मामाच्या नातवंडांनी ठेवलेलं. मागच्या बाजूला मी गेले नाही. २०१८ नंतर गेलेलीच नाही. पाटाच्या कडेला, आजी सुपाऱ्या सोलायची त्या दगडावर बसले. ऊन पोफळींच्या शेंड्यांवर गेलं आणि मग तिथूनही गेलं. शीळकरी कस्तुरानं व्हाळाकडे दोन-तीन ताना घेतल्या. वाघळं निघाली. मामी आतून हाक मारत होती की चहा निवतोय.

मग चिव्याच्या बाजूनं ती किंकाळी आली. उंच, घसरत, शेवटी अडखळून. मी श्वास धरला. पलीकडून, बरंच खालून, जायफळांच्या अंगानं, क्लोक-क्लोक-क्लोक. पुन्हा ती. पुन्हा तो, या वेळी जवळून. खिशात बॅटरी होती. हात तिच्यावर गेला होता हे मला नंतर कळलं.

आत जाऊन चहा घेतला आणि वही काढली. तारीख लिहिली. वेळ ६.५०. संख्या दोन, ऐकले. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, सत्तरी.